स्टिकरखालचं स्टिकर

आज कपाट आवरताना जुन्या सीडींचा खोका निघाला. एकीवरचं किमतीचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली दुसरं, त्याखाली तिसरं. खालचं प्रत्येक महाग! तेव्हा स्वस्तात मिळाली म्हणून केवढी खूश झाले होते मी. ही सूट नेमकी कुणाच्या खिशातून गेली, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. माल पडून राहिला म्हणून दुकानदाराने मार्जिन सोडलं असणार. आणि गायक? रेकॉर्ड कंपनीने आधीच दिलेला ॲडव्हान्स वसूल होईपर्यंत त्याला बहुधा रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, दिसतच नाही. सवलतीतल्या प्रतींवर अनेक करारांत तीही कमी.

म्हणून अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीचं कौतुक वाटतं. १९८१ साली कंपनीला त्याचा अल्बम ८.९८ ऐवजी ९.९८ डॉलरला विकायचा होता. पठ्ठ्या अडून बसला, अल्बम जुन्याच किमतीला आला. एका डॉलरसाठी! २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडने तर डाउनलोडची किंमतच श्रोत्यांवर सोडली, शून्य टाकलं तरी चालेल म्हणाले. (मी किती टाकले असते, विचारू नका.)

ही तीन स्टिकरवाली सीडी इतकी ऐकलीय की आतली पुस्तिका घडीवर फाटलीय. गेल्या महिन्यात मोबाइलवर काय काय ऐकलं, त्यातलं एक नाव आठवेना.