किरकिर

दुपारी जळगावात लाईट गेली. पंखा थांबला, कूलर गपगार झाला, आणि मांडीवरचा लॅपटॉप मात्र जसं काही घडलंच नाही अशा थाटात चालू. मला त्याचा उगाच राग आला. घरात अंधार झाला तर जरा तरी दचकावं की नाही!

भुसावळला मामाच्या रेल्वे क्वार्टरात सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर होता. निघाला १९८२ साली, आमच्या डोळ्यांना दिसला बराच उशिरा. मेमरी ४८ केबी; आज मोबाईलमधला एक फोटोही त्यात मावायचा नाही. बटणं खोडरबरासारखी. ‘जे’ दाबलं की ‘लोड’ हा अख्खा शब्दच उमटायचा. पडदा म्हणजे घरातलाच टीव्ही, म्हणून बातम्या संपेपर्यंत सगळी मंडळी ताटकळत.

खरी गंमत टेपरेकॉर्डरची. खेळ कॅसेटवर, आवाजाच्या रूपात; टेप वाजवून तो कॉम्प्युटरात चढवायचा. प्ले दाबलं की टीव्हीच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावायचे आणि मशीनच्या पोटातून बारीक चिरचिर यायची. मामा कान लावून बसे. आवाज जरा बसला की म्हणे, "नाही चढत हा." मग पेचकस घेऊन टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरची पिन काढून कॅसेट नुसती वाजवली तर अख्ख्या लायनीला ऐकू जाई. मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "हाई काय किरकिर शे?" पाचेक मिनिटांचं लोडिंग, आणि चौथ्या मिनिटाला लाईट जाणार. रिवाइंड. पुन्हा सुरू.

लोक त्या यंत्रांच्या साधेपणाचं कौतुक करतात. मला नाही पटत. चांगली किचकट होती. पण त्यांचं काय चाललंय ते ऐकू यायचं. आताच्या मशीनच्या पोटात काय शिजतं, कुणाला ठाऊक.

कोऱ्या कॅसेटी तेव्हा महाग वाटत. एकदा मामाने कुठूनसा नवा खेळ उतरवून आणला. ज्या कॅसेटवर उतरवला, तिच्यात मामीच्या आईच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या होत्या. पुसल्या जाऊ नयेत म्हणून मामीने पाठीची खिट्टी मुद्दाम मोडून ठेवली होती. मामाने त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला.

आम्ही तो खेळ महिनाभर खेळलो. मामी त्या महिन्यात मामाशी बोलली नाही. आम्हा पोरांना वाटायचं, किरकिरीमुळे असेल. म्हातारी आधीच्याच वर्षी वारली होती.