तिथीची पाऊणपट आणि चिखलात दीड तास

सीवूड्सला राहून बारा वर्षं झाली पण खाडी कायम ट्रेनच्या खिडकीतून नाहीतर वाशीच्या पुलावरून ट्रॅफिकमध्ये अडकल्यावरच बघितलेली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचे काका दिवाळे कोळीवाड्यातले, त्यांची स्वतःची होडी आहे, ते म्हणाले या रविवारी, फिरवून आणतो. म्हणून आम्ही दोघं, मुलगी आणि ठाण्याहून सकाळी सातला घोडबंदर रोड पार करून आलेले माझे धाकटे दीर असे साडेआठला दिवाळ्याच्या जेट्टीवर हजर.

आपल्याकडे मरीना म्हटलं की पांढऱ्या यॉट आणि कॉफी शॉप डोळ्यासमोर येतं, इथे जाळी विणत बसलेली माणसं, सुकत घातलेले बोंबील आणि एक मांजर. मला तरी हेच आवडलं.

काकांनी आधीच फोनवर सांगितलं होतं की निघायचं साडेआठला आणि घारापुरीहून परत फिरायचं चारनंतरच. दीर म्हणाले हे कसं ठरवलं, तर म्हणे आज द्वादशी ना, मग तिथीची पाऊणपट करा, बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ, नऊला पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी सुकी (पूर्ण ओहोटी), म्हणजे तीन-सव्वातीन. दिरांनी लगेच मोबाईलवर अ‍ॅप काढून बघितलं, वीसेक मिनिटांचा फरक निघाला. भिंतीवरचं कालनिर्णय आपण चतुर्थी आणि गॅस कधी लावला यासाठी वापरतो, आणि ही माणसं त्यावर समुद्र वाचतात!

भरलेल्या खाडीतून निघालो तेव्हा तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, अर्धी पाण्यात होती, नुसते शेंडे वर. उजवीकडे आमच्याच सीवूड्स-नेरूळचे टॉवर, मुलगी आमची बिल्डिंग शोधत बसली (सापडली नाही, सगळ्या सारख्याच दिसतात). खाडी रुंद होत गेली, वारा खारट झाला आणि समोर अटल सेतू आला. वरून गाडीने दोनदा गेलोय, 21.8 किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, टोल भरायचा आणि मिनिटांत पार. खालून जाताना मात्र एकही गाडी दिसत नाही, फक्त सांध्यांवरून टायर गेले की धडधड, धडधड आवाज येतो आणि खांबांच्या सावलीत एकदम गार वाटतं. काकांनी तिथे मुद्दाम इंजिन कमी केलं.

आधी मोरा बंदर. उरणची माणसं भाऊच्या धक्क्याला जायला इथूनच लाँच पकडतात, नेरूळ-उरण लोकल 2024 मध्ये सुरू झाली तरी लाँचची सवय सुटत नाही म्हणतात. चहा, वडापाव, पाऊण तास. वाटेत जेएनपीटीच्या क्रेन आणि कंटेनरची जहाजं, त्यांच्यापुढे आमची होडी म्हणजे वाटाण्यावर बसलेली मुंगी.

घारापुरीला सव्वाअकराला. लेण्यांबद्दल लिहीत नाही, त्रिमूर्ती वीस फुटांच्या आसपास आहे आणि समोर उभं राहिलं की माणूस आपोआप गप्प होतो एवढंच. मुलीने विचारलं एलिफंटा नाव आहे तर हत्ती कुठाय, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवलाय हे ऐकून ती फारच नाराज. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला हे नाव दिलं तोच बेटावर नाही. पायऱ्या उतरून एका घरगुती खानावळीत सुरमई-भात जेवलो आणि तिथल्या बाईंनी सांगितलं की बेटावर कायमची वीज आली 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. समोर अख्खी मुंबई झगमगतेय आणि आपण रात्री जनरेटर बंद झाला की अंधारात, इतकी वर्षं काढली लोकांनी.

आता चूक आमची. दिरांना संध्याकाळी सातला ठाण्यात मित्राच्या मुलीचं रिसेप्शन होतं, त्यांनी अडीचपासून "काका, निघूया ना, हळूहळू जाऊ" चालू केलं. काकांनी दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा हसून दोर सोडला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बेलापूरच्या आधी, सव्वातीनच्या सुमाराला होडी मऊ कशाततरी घुसली आणि थांबली. धक्का नाही, आवाज नाही. आजूबाजूला सकाळी जिथे पाणी होतं तिथे चकाकता काळा गाळ. दीर म्हणाले ढकलू का, आणि उतरले, गुडघ्यापर्यंत आत गेले, त्यांना वर ओढायला दोघं लागले. काका विडी पेटवून म्हणाले, "पानी नाय तं होरी काय चिखलान चालवू? बसा आता."

बसलो. गाळात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारत होत्या, डोळे डोक्यावर चिकटवल्यासारखे, पोटावर घसरत जायच्या आणि एकमेकींवर पाठीचा पंख उभारून भांडायच्या. मुलीने त्यातल्या एकीचं नाव काकू ठेवलं, कोणावरून ते विचारलं नाही. लांब पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसत होती, ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून गाळातलं खात. ओहोटी आमच्यासाठी ताप, त्यांच्यासाठी जेवणाची वेळ.

पाणी परत यायला लागलं तरी पहिला तासभर काही हलत नाही, मग एकदम भराभरा चढतं. पावणेपाचला होडी जराशी डुलली आणि काका काही न बोलता उठले.

रात्री साडेदहाला फॅमिली ग्रुपवर रिसेप्शनचा फोटो आला. स्टेजवर नवरा-नवरीच्या शेजारी आमचे भावोजी, वर कडक इस्त्रीचा ब्लेझर आणि उजव्या बुटावर दिवाळ्याचा गाळ.