तुम्ही विचारलंत म्हणून: राइसचं बेसबॉल आता तरी वर येईल का?

मंडळाच्या गणपतीत भेटा नाहीतर ऑफिसात चहाला, मला हल्ली एकच प्रश्न येतो: "राइसला नवे कोच आले ना? मग आता ओमाहा नक्की?" विचारणाऱ्यांतले निम्मे बेसबॉल पाहतही नाहीत. पण राइस युनिव्हर्सिटी आपल्या ह्यूस्टनची, मेडिकल सेंटरला लागून असलेली, आणि मला तिच्या टीमचं वेड आहे हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आपुलकीने विचारतात. उभ्याउभ्या मी "बघू या" म्हणते आणि वेळ निभावून नेते. आज नीट सांगते.

ओमाहा हे नेब्रास्कातलं शहर. दर जूनमध्ये देशभरातल्या कॉलेजांच्या शेवटच्या आठ टीम तिथे कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळतात. राइस तिथे सात वेळा गेली, १९९७ ते २००८ या बारा वर्षांत. मला ओमाहा हवंय, खोटं कशाला बोलू? पण नवे कोच डेव्हिड पिअर्स यांच्याकडून मला आधी हवा आहे तो रविवारचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. कॉलेज बेसबॉलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे एकाच टीमशी सलग तीन सामने असतात, आणि मधल्या वारी बहुतेक आणखी एक. सामना सुरू करणारा पिचर शंभरेक चेंडू टाकतो आणि मग त्याच्या खांद्याला आठवडाभर विश्रांती लागते. म्हणजे तीन दिवसांना तीन वेगळे पिचर हवेत. सगळ्यात चांगला शुक्रवारी येतो. शुक्रवारचा एक बरा पिचर जवळजवळ प्रत्येक कॉलेजकडे असतो. टीमचा खरा कस रविवारी लागतो, जेव्हा दोघं वापरून झालेले असतात, बुलपेन, म्हणजे मधूनच येणारे राखीव पिचर, दमलेलं असतं आणि कोचला तिसऱ्याच्या हातात चेंडू द्यावा लागतो.

२००३ साली राइसकडे हे तिन्ही दिवस होते. जेफ नीमन, फिलिप हंबर, वेड टाउनसेंड. सहा फूट नऊ इंच उंचीचा नीमन त्या सीझनमध्ये सतरा सामने जिंकला आणि एकही हरला नाही. स्टॅनफर्डविरुद्धच्या अंतिम फेरीत तिसऱ्या, निर्णायक सामन्यात राइस १४-२ ने जिंकली. कुठल्याही खेळातलं टीम म्हणून ते राइसचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, हे तिघंही पहिल्या आठांत निवडले गेले: तिसरा, चौथा आणि आठवा. एकाच कॉलेजचे तीन पिचर! आजही तो आकडा सांगताना मला भरून येतं, कारण हे झालं ते पदवीचे जेमतेम काही हजार विद्यार्थी असलेल्या, अभ्यासाला अतिशय कडक अशा कॉलेजात.

हे सगळं उभं केलं वेन ग्रॅहम यांनी. १९९२ चा सीझन हा त्यांचा राइसमधला पहिला. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते; या वयात लोक निवृत्तीचे हिशोब मांडतात. त्याआधी सॅन जॅसिंटो या ज्युनिअर, म्हणजे दोन वर्षांच्या, कॉलेजला त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती आणि रॉजर क्लेमेन्स व अँडी पेटिट हे पुढे नावाजलेले पिचर त्यांच्या हाताखालून गेले होते. १९९५ साली राइस पहिल्यांदा एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय, स्पर्धेत पोचली आणि त्यानंतर २०१७ पर्यंत, सलग तेवीस वर्षं, एकदाही चुकली नाही. मुंबईच्या जुन्या रणजी टीमबद्दल आपण "खडूस" म्हणतो ना, तोच खडूसपणा ग्रॅहम यांच्या पोरांत होता. फुकटची धाव द्यायची नाही, समोरच्याने चूक केली की ती वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही.

२०१८ ला ती मालिका तुटली आणि ग्रॅहम यांचं कोचपदही गेलं. मग टेनेसी टेकहून मॅट ब्रॅगा आले, ते तीन सीझन राहिले. त्यांच्यानंतर होझे क्रूझ ज्युनिअर. त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. १९९५ च्या त्या पहिल्या टीमचा हा तारा, त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेला, घरचाच माणूस. पण मार्च २०२५ मध्ये, सीझन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा युनिव्हर्सिटीने त्यांना बाजूला केलं आणि पिअर्सना आणलं. भर सीझनमध्ये कोच बदलणं या खेळात फारसं होत नाही. गोष्टी किती टोकाला गेल्या होत्या, ते यावरून समजा.

पिअर्स मूळचे ह्यूस्टनचेच. ग्रॅहम यांचे सहायक म्हणून नऊ सीझन ते राइसच्या डगआउटमध्ये होते, २००३ च्या विजेतेपदाच्या वेळीही. त्यानंतर सॅम ह्यूस्टन स्टेटला तीन वर्षं, तिन्ही वर्षी टीम रिजनलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत. ट्यूलेनला दोन वर्षं, दोन्ही वर्षी रिजनल. मग ऑस्टिनमध्ये टेक्सस युनिव्हर्सिटीच्या टीमचे कोच, आणि तिथून तीन वेळा ओमाहा: २०१८, २०२१, २०२२. मला यातलं टेक्ससपेक्षा सॅम ह्यूस्टन आणि ट्यूलेन जास्त महत्त्वाचं वाटतं. टेक्ससला पैसा आहे, नाव आहे, मुलं स्वतःहून येतात. सॅम ह्यूस्टनच्या गावी, हंट्सविलमध्ये, थोडक्यात भागवून टीम उभी करणं वेगळं. राइसला तोच अनुभव लागणार आहे.

तुमच्यापैकी काहीजण कोस्टल कॅरोलायना या कॉलेजचं उदाहरण देतात. २०२५ मध्ये केव्हिन श्नॉल यांनी मुख्य कोच म्हणून पहिल्याच वर्षी टीमला थेट अंतिम फेरीत नेलं, मग पिअर्सना का जमू नये? पण श्नॉल यांना भरलेलं घर मिळालं होतं. गॅरी गिलमोर यांनी वर्षानुवर्षं बांधलेली, २०१६ ची विजेती टीम, आणि श्नॉल तिथलेच माजी खेळाडू आणि सहायक. पिअर्सना मिळालंय ते पडकं घर. ही तुलना त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

तुलना करायचीच तर सॅन अँटोनियोशी करा. तिथली टेक्सस युनिव्हर्सिटीची शाखा, यूटीएसए, आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, खेळते. तिथले कोच पॅट हॉलमार्क राइसचे माजी खेळाडू, ग्रॅहम यांचे माजी सहायक. २०२५ मध्ये त्यांच्या टीमने ऑस्टिनमध्ये जाऊन, देशात दुसरं मानांकन असलेल्या टेक्ससला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि पहिल्यांदाच सुपर रिजनल, म्हणजे ओमाहाच्या आधीची फेरी, गाठली. त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि पोटात कालवतही होतं, कारण हे आपल्या घरचं शिक्षण होतं आणि दुसऱ्याच्या अंगणात फळाला आलं होतं. पण हॉलमार्क यांचा तिथला पहिला सीझन २०२० चा. म्हणजे हे दिसायला सहा सीझन लागले. हे लक्षात ठेवा.

रिजनलमध्ये चार टीम असतात आणि दोनदा हरलं की बाहेर. एखादी टीम लवकर हरली तर तिला चार दिवसांत पाच सामने खेळावे लागू शकतात. तिथे शुक्रवारचा हिरो घरी बसल्यासारखाच असतो. म्हणून माझा रविवारच्या पिचरचा हट्ट.

आता अडचण कुठे आहे, तेही सांगते. चार वर्षांच्या कॉलेजात आलेला मुलगा साधारण तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविशीचा होईपर्यंत ड्राफ्टमध्ये जाऊ शकत नाही. पूर्वी याचा अर्थ असा की ग्रॅहम यांना मुलगा तीन वर्षं मिळायचा. पहिल्या वर्षी मार खायचा, दुसऱ्या वर्षी सावरायचा, तिसऱ्या वर्षी कुणाच्या हाती लागायचा नाही. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आणि २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. दुसऱ्या वर्षी सावरलेला पिचर उन्हाळ्यात एखाद्या श्रीमंत कॉलेजात गेलेला असतो. मी त्या मुलांना दोष देत नाही. कुणाच्याही घरी असा प्रस्ताव आला तर आईबाप विचार करणारच. पण राइसला ते टिकवावे लागतील. राइसची पदवी हे त्यासाठीचं आपलं सगळ्यात मोठं नाणं, आणि ते खणखणीत वाजवून दाखवणं हे कोचचं काम.

दुसरी गोष्ट गावातली पोरं. नीमन आणि नंतर राइसकडूनच खेळलेला अँथनी रेंडन, दोघंही ह्यूस्टनच्या लमार हायस्कूलचे, म्हणजे राइसपासून हाकेच्या अंतरावर शिकलेले. या शहराच्या शाळांत दर वर्षी उत्तम पिचर तयार होतात. त्यातले दोन-तीन जरी रेकलिंग पार्कवर, म्हणजे राइसच्या मैदानावर, आले तरी चित्र बदलेल.

सामन्याला याल तेव्हा अर्धा तास आधी या. इनफिल्डचा, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांचा, सराव बघा. कोच फंगो नावाच्या सरावाच्या लांब, बारीक बॅटने एकामागून एक चेंडू मारतात: तिसऱ्या बेसला, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), दुसऱ्या बेसला. शॉर्टस्टॉपकडे नीट बघा. चेंडू ग्लोव्हमध्ये येतो त्याआधी त्याचे पाय पहिल्या बेसकडे वळायला लागलेत का? की तो चेंडू घेतो, थांबतो, मग पाय जुळवतो आणि फेकतो? त्या थांबण्यात धावणारा एक पाऊल पुढे जातो, बाद व्हायला हवा तो गडी टिकतो, आणि रविवारच्या बिचाऱ्या पिचरला त्या इनिंगमध्ये दहा चेंडू जास्त टाकावे लागतात. सहाव्या इनिंगपर्यंत टिकणारा पोरगा चौथ्यातच बाहेर. पडत्या काळात राइसच्या सरावात मला ते थांबणं फार दिसायचं. पिअर्स आल्यावर मी सगळ्यात आधी तेच बघायला लागले.

२०२६ हा त्यांचा पहिला पूर्ण सीझन, स्वतः निवडलेल्या मुलांसह. या वर्षी मला विजयांचा आकडा विचारू नका. रविवारी आपण किती वॉक दिले, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून किती जणांना फुकट पहिला बेस दिला, ते विचारा. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाचे किती पिचर पोर्टलमध्ये गेले आणि किती राहिले ते विचारा. २०२७ मध्ये कॉन्फरन्सच्या वरच्या निम्म्यात असावं. २०२८ मध्ये रिजनल, मग ती कुठल्याही गावी असो. मी विमानाचं तिकीट काढेन. तोपर्यंत युनिव्हर्सिटीने पिअर्सना हात लावू नये, आणि आपणही दर सोमवारी त्यांचा निकाल लावू नये, एवढं मात्र मला कळकळीने सांगायचंय.