एमजीबीचा तळ बदलायचा तर आधी सिल बघा

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेताना लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात. कार्पेट उचलून बघणारा क्वचितच भेटतो, आणि खरा खर्च कार्पेटखालीच असतो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. आधीच्या एमजीए मॉडेलला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) होती, एमजीबीत पत्र्याची बॉडी हीच चासी. उघड्या रोडस्टरला तर छताचाही आधार नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्या म्हणजे दोन सिल, दोन सीटमधला उंच बोगदा म्हणजे टनेल, आणि सपाट तळ एवढ्यांवर सगळा भार. त्यामुळे 'तळाला भोक पडलंय, एक पॅच मारून टाकू' हा हिशोब इथे चालत नाही.

सिल बाहेरून एकच पट्टी वाटते, पण आत चार पत्रे असतात. केबिनमधून दिसतं ते आतलं सिल, त्याच्या बाहेर उभा मधला पत्रा, सगळ्यात बाहेर रंगवलेलं बाहेरचं सिल, आणि खालून पोकळी बंद करणारी कॅसल रेल. तळाच्या पत्र्याची कड या रेलला आणि आतल्या सिलला स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डने) जोडलेली असते. पुढच्या चाकाचा चिखल विंगच्या (चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या) आत साचतो, ओल सिलच्या पोकळीत उतरते आणि पत्रा आतून सडत जातो. म्हणून तळ फक्त कडेला गेलेला दिसला तर सिल त्याआधीच गेलंय असं धरून चाला. तळ मधोमध, पायांपाशी सडला असेल तर पाणी वरून येतंय. एमजीबीत संशयित नंबर एक म्हणजे काचेपुढच्या जाळीखालचा हवेचा कप्पा. त्याची निचऱ्याची रबरी नळी पानं-मातीने तुंबते, कप्पा भरतो आणि पाणी हीटरमधून थेट पायांवर उतरतं. जाळीत लिटरभर पाणी ओता. ते लगेच गाडीखाली पडलं नाही तर नळी साफ केल्याशिवाय नव्या पत्र्याला हात लावू नका.

तपासणीला बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी पुरते. खणखणीत वाजला तो पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तिथे टोचून बघा. तळावर चिकटवलेले डांबरी पॅड हीट गनने गरम करून पट्टीने खरवडून काढा, कारण गंज बहुतेक वेळा त्यांच्याच खाली लपलेला असतो. जुन्या सिलवर दुसरं सिल चढवून रंगवलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. सिलची खालची शिवण नेहमीपेक्षा जाड लागली की समजायचं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून, मोठे फेरफार न केलेल्या ४० वर्षांवरच्या गाड्यांना एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याच्या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे आज प्रत्येक एमजीबी त्या सवलतीच्या वयाची झालीय. तेव्हा 'एमओटी नाही, पण गाडी मस्त आहे' हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून सोडून द्यावं.

कापण्याआधीची तयारी हे अर्धं काम. गाडीला आधार पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या हँगरजवळ द्या. मधोमध घोडी लावली की दोन्ही टोकं खाली झुकतात. दारं जागेवरच ठेवा, कारण दाराची फट हेच तुमचं मोजमाप. आधीच फट वर मागे मिटलेली आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये बसलीय. ती सरळ करूनच ब्रेस (तात्पुरता आधार) लावा, नाहीतर वाकलेली बॉडी वेल्ड करून कायमची वाकडी कराल. ब्रेस म्हणजे २५ मिमीचा चौकोनी पाइप, भिंत २ ते ३ मिमी. दाराच्या बिजागऱ्यांच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरका. रोडस्टरला दोन्ही मागच्या खांबांमध्येही एक. सगळं केबिनच्या आतून लावा, म्हणजे दार उघड-बंद करून बघता येईल. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून आकडे पत्र्यावरच लिहून ठेवा. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापली की गाडी हातची गेली.

बॅटरी बाहेर, अल्टरनेटरच्या तारा मोकळ्या. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांचे कप्पेही याच वेळी बघून घ्या. बॅटरीची जाड केबल, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी गाडीखालूनच मागे-पुढे जातात. कटर चालवण्याआधी त्या सोडवून बाजूला घ्या.

पुढची विंग बोल्टची आहे, ती काढावीच लागते, कारण सिलचं टोक तिच्या आत जातं. मागची विंग वेल्डची, तिचा खालचा तुकडा कापावा लागतो. इथे आळस करून सिल दोन्ही टोकांना कापून जोडणारे बरेच आहेत. दिसायला काही कळत नाही, पण ताकदीचा जोडच कच्चा राहतो. तळ कटरने सरळ भोसकू नका. ८० नंबरच्या पेपरने कड हलकी घासली की स्पॉट वेल्डचे खळगे उठून दिसतात. ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा भेदा, खालचा शाबूत राहू द्या. तळाखालून गेलेल्या पुढच्या चासी रेल आणि सीटखालचा आडवा क्रॉसमेंबर आता उघडा पडतो. जॅक लावायची जागा याच क्रॉसमेंबरच्या टोकाला असते आणि ती बहुधा सडलेलीच निघते.

नवे पत्रे घेताना ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेजचे बघा. ते मूळ साच्यांवर निघतात. स्वस्त पर्यायी पत्रा बऱ्याचदा पातळ असतो, वाकणं चुकलेली असतात आणि वाचलेले पैसे हातोडी चालवण्यात जातात. कोणताही पत्रा आधी सुका बसवा, क्लॅम्प आणि पत्र्याच्या स्क्रूंनी. सीट ठेवून भोकं जुळतात का बघा, दार बंद करा, कर्ण परत मोजा. वेल्डिंग त्यानंतरच.

प्लग वेल्डसाठी, म्हणजे वरच्या पत्र्यातलं भोक वेल्डने भरून तो खालच्याला जोडण्यासाठी, तळाच्या कडेला ६ मिमीची भोकं, कॅसल रेल आणि क्रॉसमेंबरशी ८ मिमीची, २५ ते ४० मिमी अंतरावर. मिग मशीनला (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनला) ०.६ किंवा ०.८ मिमीची तार, गॅस ९५ टक्के आर्गॉन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. जोडाच्या दोन्ही पृष्ठांवर जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारा, पण भोकातला खरवडून काढा, नाहीतर ठिणग्या उडतात आणि टाका सच्छिद्र होतो. जस्ताचा धूर वाईट, चांगला मास्क लावा. तार भोकाच्या कडेला न लावता मधोमध, खालच्या पत्र्यावर मारा. तिथे वितळलेला थेंब तयार झाला की गोल फिरत कडेपर्यंत या. दोन पत्र्यांत फट असेल तर वर छान टिकली दिसते, खाली काहीच चिकटलेलं नसतं. त्यामुळे आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यांवर चार-पाच टाके मारून छिन्नीने उचकटून बघा. पत्रा फाटून टाका खालीच राहिला तर सेटिंग बरोबर. टाका स्वच्छ सुटून आला तर करंट वाढवा.

सलग शिवण मारायची असेल तिथे २५-३० मिमीवर टाके, मग एक इथे, एक तिथे. हाताला सोसेल इतका गार झाल्यावरच शेजारचा टाका. ओलं फडकं लावून घाई केलीत तर पत्रा लाटा मारतो. पलीकडे मेण, अंडरसील किंवा कार्पेट पेटतं ते वेल्ड करणाऱ्याला मास्कमधून दिसत नाही. दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली घेऊन एक माणूस उभा पाहिजे. काम थांबल्यावरही तासभर गाडीपाशी थांबा.

टाके घासून झाले की इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेन सीलर, वर रंगाचे दोन हात. सीलर कच्च्या पत्र्यावर थेट भरू नका, त्याच्याखाली गंज आरामात पसरतो. सिलच्या निचऱ्याची भोकं मात्र सीलरने बुजता कामा नयेत. रंग वाळल्यावर लांब नळीने सिलच्या आत मेण मारा, एका बाजूला निदान अर्धा लिटर. निचऱ्याच्या भोकांतून ते ठिबकायला लागेपर्यंत मारत राहा. दुसऱ्या दिवशी भोकांत तार फिरवून ती मोकळी आहेत याची खात्री करा.

सीटचे बोल्ट यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आटीचे आहेत. मेट्रिक बोल्ट दोन फेरे सरळ जातो आणि मग नट खातो, तेव्हा आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. कार्पेट मात्र लगेच चिकटवू नका. एकदोन पावसात गाडी फिरवून तळाला हात लावून बघा, कोरडा असेल तरच गोंद उघडा.