लेवीय तेरावर अडकलेली फीत

बाप्तिस्मा झाला आणि तिसऱ्याच दिवशी मी मोबाईलवर वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा प्लॅन घेतला. नवीन माणसाचा उत्साह, दुसरं काय. हिशोब पण सोपा वाटला, 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-सव्वातीन, एवढं तर आपण रोज फॉरवर्डच वाचतो की. वाचायचं मात्र छापील बायबल, पानात खुणेसाठी लाल फीत असलेलं, कारण मोबाईल हातात धरला की मी कुठे जाऊन पोचते ते मला चांगलं माहितीये.

पहिलं पुस्तक, उत्पत्ती, तर कसं संपलं कळलंच नाही. वाडगाभर मसुरीच्या वरणासाठी थोरलेपणाचा हक्क विकून मोकळा झालेला एसाव, सकाळी उठून बघतो तर नवरी भलतीच निघालेला याकोब, भावांनीच विकून टाकलेला योसेफ... घराघरातली भांडणं इतकी ओळखीची, की मी तीनाऐवजी पाच-पाच अध्याय वाचायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. दुसरं, निर्गम, समुद्र दुभंगेपर्यंत उत्तम. मग निवासमंडप आला, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू. आधी पडदे किती हात, कड्या किती, खुंट्या कशाच्या ते सगळं, आणि काही अध्यायांनंतर तेच पडदे, त्याच कड्या, त्याच खुंट्या, यावेळी खरोखर केल्या म्हणून पुन्हा. तिथे माझी चाल मंदावली.

आणि तिसऱ्या पुस्तकात, लेवीयच्या 13व्या अध्यायाला, गाडी बंदच पडली. 59 वचनं, सगळी चट्ट्यांवर, कुष्ठरोग कसा ओळखायचा त्यावर. चट्टा खोल दिसतो का, त्यातले केस पांढरे झालेत का, याजकाने म्हणजे पुरोहिताने बघायचं, सात दिवस माणसाला वेगळं ठेवायचं, परत बघायचं, अजून सात दिवस, मग डोक्यावरचं टक्कल, मग कपड्यावरचा चट्टा. मी काय स्किन स्पेशालिस्ट आहे का! तीन रात्री तोच अध्याय उघडला आणि तिन्ही रात्री पुस्तक छातीवर ठेवून झोपले. (प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, आणि तरी वाचला, हे बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे ते मला फार नंतर कळलं, तेव्हा कळलं असतं तर एवढं अपराधी वाटलं नसतं.)

मग दिवस चुकायला लागले. अॅप रोज सांगायचं, तुम्ही 4 दिवस मागे, तुम्ही 11 दिवस मागे. 11 दिवस म्हणजे 33 अध्याय थकलेले, अगदी कर्जाच्या हप्त्यासारखे. आणि गंमत म्हणजे हे अध्याय लिहिणाऱ्यांनी पाडलेलेच नाहीत, आज आपण वापरतो ती विभागणी 13व्या शतकातली आणि वचनांचे आकडे त्याच्याही नंतरचे. म्हणजे मी देवाची थकबाकीदार नव्हतेच, मी प्लॅनची थकबाकीदार होते. पण हे सुचेपर्यंत मी बायबल उशीखालून उचलून कपाटात ठेवलं होतं, दिसलं की टोचायचं म्हणून.

चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंना शेवटी सांगून टाकलं. मला वाटलं आता प्रार्थना वगैरे करतील, तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं, लेवीयमध्ये मी तीनदा झोपलेय. तू मार्कने लिहिलेली येशूची गोष्ट घे, सोळाच अध्याय आहेत. आणि ते अॅप काढून टाक आधी."

अॅप काढलं. मार्क उघडला. मार्क भलता घाईतला माणूस, जन्माची गोष्ट नाही, वंशावळ नाही, सगळं लगेच, लागलीच, तेवढ्यात. चहा गार व्हायच्या आत पहिल्या अध्यायाच्या शेवटाला आले आणि तिथे एक कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो. येशूला त्याचा कळवळा येतो, तो हात पुढे करतो आणि त्याला शिवतो. मी थबकले. कारण मला हा माणूस माहिती होता ना! त्याचा चट्टा कुणी तपासला असेल, किती वेळा सात-सात दिवस त्याला वेगळं बसवलं असेल, फाटक्या कपड्यात, केस मोकळे सोडून "अशुद्ध, अशुद्ध" असं स्वतःच ओरडत त्याला वस्तीबाहेर का राहावं लागत असेल, हे सगळं मी तीन रात्री पेंगत का होईना वाचलं होतं. त्या माणसाला कुणी हात लावून किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

आणि पुढे येशू त्याला सांगतो, जा, याजकाला दाखव आणि मोशेने नेमून दिलंय ते अर्पण कर. आता काय नेमून दिलंय ते बघायला नको? फीत होती तिथेच होती. फक्त एक पान उलटायचं बाकी राहिलं होतं माझं, लेवीय 14. दोन जिवंत पक्षी आणायचे, गंधसरूचं लाकूड, किरमिजी रंगाचं सूत, एजोब नावाची वनस्पती. एक पक्षी वाहत्या पाण्यावर मारायचा, दुसरा त्याच्या रक्तात बुडवायचा, बऱ्या झालेल्या माणसावर सात वेळा शिंपडायचं, आणि तो दुसरा पक्षी मोकळ्या रानात सोडून द्यायचा.

चहा पार गार झाला होता. त्या दिवशी मी पुढे काहीच वाचलं नाही, नुसता तो पक्षी उडताना बघत बसले.