मॉर्गंटनचा खेड्यातला वकील

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून निघालं की दीड तासाच्या आत मॉर्गंटन येतं. लोक इथून पुढे डोंगरात जातात, टेबल रॉकचा सपाट माथा बघायला. मी थांबलो ते इथले सिनेटर सॅम अर्विन यांच्यासाठी.

वेस्टर्न पीडमाँट कम्युनिटी कॉलेजात त्यांच्या घरातली अभ्यासिका जशीच्या तशी उभी केली आहे. साडेसात हजारांच्या आसपास पुस्तकं! स्वतःला मात्र ते 'खेड्यातला साधा वकील' म्हणवत. कसला साधा? हार्वर्डला कायदा शिकले, तोही उलटा: आधी तिसरं वर्ष, मग दुसरं, शेवटी पहिलं. गावाकडे मार्गारेट होती, ती किती दिवस थांबेल याची खात्री नव्हती. थांबली, १९२४मध्ये लग्न झालं.

१९५४मध्ये हे डेमोक्रॅट सिनेटमध्ये गेले आणि लगेच कम्युनिस्ट म्हणून लोकांवर बेछूट आरोप करणारे सिनेटर मॅकार्थी यांच्यावर ठपका ठेवण्याची शिफारस करणाऱ्या समितीत बसले. १९७३मध्ये वॉटरगेट घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष झाले. भुवया नाचवत, बायबलमधले दाखले देत त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांना घाम फोडला. व्हाइट हाउसमधलं बोलणं गुपचूप टेप होतं, हे याच समितीपुढे उघड झालं. लष्कर नागरिकांवर पाळत ठेवतं म्हणून त्याचीही त्यांनी चौकशी लावली होती. एवढं वाचून मी पार भारावलो होतो.

बायको मात्र भारावली नव्हती. "आणि १९५६चा सदर्न मॅनिफेस्टो?" तिने विचारलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाविरुद्धच्या त्या पत्रकावर अर्विन यांची सही आहे. १९६४च्या नागरी हक्क कायद्याला त्यांचा विरोध, पुढच्या वर्षी मतदान हक्काच्या कायद्यालाही. स्त्रियांच्या समान हक्काच्या घटनादुरुस्तीलाही तसाच. प्रत्येक वेळी हातात तीच राज्यघटना आणि तोंडी तोच मुद्दा: सरकारने आपल्या हद्दीत राहावं. निक्सनच्या वेळी तो मुद्दा बरोबर बसला. पण ज्या कृष्णवर्णीयांना मतदानाच्या रांगेतही उभं राहू देत नव्हते, त्यांना सरकारशिवाय वाली कोण होता? एवढा वाचलेला माणूस. 'त्याला कळलं नसेल' ही सबब मला त्याला द्यावीशी वाटत नाही.

फॉरेस्ट हिल दफनभूमीतली त्यांची कबर राहिली, कारण वादात चार वाजले आणि आम्हाला टेबल रॉकही गाठायचा होता. तुम्ही जाणार असाल तर अभ्यासिकेच्या वेळा आधी कॉलेजला फोन करून विचारा.