चिंगीचं पोट आणि बंद फ्लॅट

चिंगी मांजरीला तपासायच्या टेबलावर ठेवली तर पोटावर आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला केसच नाहीत, वस्तरा फिरवल्यासारखं साफ. त्वचा मात्र छान, लाली नाही, खपली नाही. तिला घेऊन आलेल्या काकू रडवेल्या झाल्या होत्या. जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, आणि तेव्हापासून हे सुरू. तिनं मनाला लावून घेतलंय हो डॉक्टर, मी तिचं घर सोडवलं. कोणीतरी त्यांना टेन्शनच्या गोळ्यापण सुचवल्या होत्या.

मांजर खूप चाटतंय म्हणजे डिप्रेशन, हे मला हल्ली सारखं ऐकायला मिळतं आणि खरंच त्रास होतो, कारण त्यात खाज तशीच राहते. 2006 साली छापून आलेल्या एका अभ्यासात अशाच, मानसिक कारण असावं असं वाटलेल्या 21 मांजरांची नीट तपासणी झाली, त्यातल्या 16 जणींना शारीरिक कारण निघालं, निव्वळ मानसिक फक्त 2, आणि 3 मध्ये दोन्ही.

काका म्हणाले, पण ही चाटताना दिसतच नाही, केस आपोआप गळत असतील. मांजरं बऱ्याचदा लपून चाटतात, म्हणून मी कडेचे थोडे केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघितले. आपोआप गळणाऱ्या केसाचं टोक निमुळतं असतं, हिची सगळी टोकं तुटलेली. जिभेवर मागे वळलेले काटे असतात ना, त्यांचं काम. पोटाच्या खालच्या भागात चाटतेय म्हणजे मूत्राशय दुखत असेल का तेही बघायला हवं, म्हणून लघवी तपासली, ती क्लिअर आली.

मग बारीक फणी. पिसू एकही नाही! पण शेपटीच्या बुडाशी काळी कणी मिळाली, ती ओल्या टिश्यूवर ठेवली आणि भोवती लालसर डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजके चावेसुद्धा पुरतात, आणि पिसवा ती स्वतःच चाटून गिळून टाकते, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

"चौथ्या मजल्यावर पिसवा कुठून येणार?" काका पटवून घ्यायलाच तयार नाहीत. मी विचारलं, आधीच्या भाडेकरूंकडे कुत्रा होता का? होता. आणि ते गेल्यावर घर काही महिने बंदच होतं. मग झालंच. पिसूचा कोष जमिनीच्या फटीत, सोफ्याखाली महिनोन् महिने पडून राहू शकतो, कोणी चालायला लागलं, ऊब मिळाली की आतून पिसू बाहेर येते. म्हणजे काकूंचा अंदाज अर्धा बरोबर होता, शिफ्टिंगमुळेच झालं, पण चिंगीच्या मनात काही नव्हतं. हे सांगितल्यावर काकूंनी जो श्वास सोडला!

खाजेसाठी थोडे दिवस औषध, वजनाप्रमाणे मानेवर टाकायचे मांजरांचे थेंब दर महिन्याला, अंथरुणं गरम पाण्यात धुणं, सोफ्याखाली व्हॅक्युम. तेवढ्यात काका म्हणाले, शेजाऱ्यांकडे कुत्र्याचे थेंब आहेत, तेच टाकू का? मी जवळजवळ ओरडलेच. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रीन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येतात, जीवही जातो. कृपा करून हे कोणीही करू नका, कंपनी काय छापते ते आधी वाचा, नाहीतर फोन करा.

पुढच्या व्हिजिटला पोटावर बारीक लव आली होती, पूर्ण केस यायला अजून काही आठवडे लागतील. थेंब मात्र वर्षभर चालू ठेवायचे असं काकांनी स्वतःहून कॅलेंडरवर लिहिलंय.